ऑगस्टीनचे आत्मकथन आणि मराठी वाक्यातील कर्ता

संत ऑगस्टीन (३५४–४३०) याचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ ख्रिस्ती परंपरेतील आध्यात्मिक आत्मचरित्राचा आद्य नमुना म्हणून ओळखला जातो. आजच्या अल्जीरियातील सूक अह्रास, म्हणजे तत्कालीन थागास्ते, हे त्याचे जन्मस्थान. वक्तृत्वशास्त्राचा हा शिक्षक पुढे हिप्पो येथे धर्माध्यक्ष झाला आणि त्यानंतर, सुमारे ३९७ ते ४०१ या काळात, त्याने तेरा भागांचा हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. मराठी वाचकाची त्याच्याशी गाठ पडते ती बहुधा इंग्रजीच्या द्वारे. पुसी (१८३८), शीड (१९४३), पाइन-कॉफिन (१९६१), चॅडविक (१९९१), बोल्डिंग (१९९७) आणि रूडन (२०१७) ही त्या दीर्घ परंपरेतील काही ठळक नावे होत.

या भाषांतरांची तुलना करताना ईश्वराच्या संबोधनाकडे सहज लक्ष जाते. पुसी व शीड यांनी देवासाठी 'दाऊ' हे जुने सर्वनाम ठेवले. पाइन-कॉफिन आणि चॅडविक यांनी रोजच्या व्यवहारातले 'यू' स्वीकारले. रूडन यांनी 'लॉर्ड' ऐवजी 'मास्टर' हा शब्द योजून रोमन घरातील धनी व दास यांचे नाते पुढे आणले. संबोधनाचा हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याहून निकडीचा असा दुसरा एक प्रश्न आहे. ज्या कृत्यांची कबुली या ग्रंथात दिली आहे, त्या कृत्यांचा कर्ता वाक्यात कोठे व कसा उभा राहतो? इंग्रजी वाचणारा मराठी विद्यार्थी मनातल्या मनात मराठी वाक्य जुळवीत असतो, आणि त्या जुळवणीत कर्त्याचे स्थान नकळत बदलू शकते.

उदाहरण म्हणून दुसऱ्या भागातील प्रसिद्ध प्रसंग घ्यावा. वयाच्या सोळाव्या वर्षी ऑगस्टीन आणि त्याचे सवंगडी रात्रीच्या वेळी शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरतात. फळे रूपाने वा चवीने मोहात पाडणारी नव्हती. त्यांतील बहुतेक डुकरांपुढे टाकून दिली गेली. या क्षुल्लक चोरीवर ऑगस्टीनने कित्येक परिच्छेद खर्च केले आहेत. भूक नव्हती, गरज नव्हती, तरीही हे का केले, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. सोबतीच्या नादाने आपण ते केले, एकट्याने केले नसते, हेही तो नमूद करतो. परंतु तेवढ्याने आपली सुटका झाली असे तो मानीत नाही.

या प्रसंगाचा गाभा मराठीत सांगताना पहिले सहज वाक्य तोंडी येते ते 'माझ्या हातून चोरी घडली' असे. हे वाक्य शुद्ध आहे आणि मराठीच्या वळणाचेही आहे. देवापुढे वा वडीलधाऱ्यांपुढे अपराध सांगताना मराठी माणूस असेच बोलतो. 'चूक झाली', 'अपराध घडला', 'पाप हातून गेले' हे सर्व प्रयोग एकाच जातीचे. त्यांत क्रियापद अकर्मक असते, अपराध स्वतःच कर्त्याच्या जागी बसतो आणि अपराधी मनुष्य 'हातून' या शब्दाच्या आडोशाला जातो. 'मी चोरी केली' हे वाक्य त्या मानाने उघडेवाघडे, पोलिसांपुढील जबाबासारखे वाटते. चांगले भाषांतर म्हणजे भाषेच्या वळणाचे भाषांतर, ही कसोटी लावली तर 'घडली' हेच रूप निवडावे लागेल.

नेमकी येथेच अडचण उत्पन्न होते. ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचा श्रोता होता. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे असून मनुष्याच्या ठायी त्यांचे मिश्रण झाले आहे, असे या पंथाचे मत. त्यावरून पाप करणारा 'मी' नव्हे, माझ्या ठायी असलेली दुसरी प्रकृती पाप करते, असा निष्कर्ष निघे. पाचव्या भागात रोममधील आपल्या मनःस्थितीचे वर्णन करताना ऑगस्टीन सांगतो की हा विचार आपल्याला सुखावीत असे. अपराध करूनही आपण निर्दोष आहोत, या कल्पनेने अभिमान पोसला जात असे. पुढे आठव्या भागात, मिलान येथील बागेत ३८६ साली झालेल्या अंतर्द्वंद्वाचे वर्णन करताना, तो याच मताचे खंडन करतो. इच्छिणारा आणि न इच्छिणारा असे दोन निराळे जीव आपल्यात नव्हते. दोन्ही ठिकाणी आपणच होतो, हे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे 'पाप कोणी केले' हा ग्रंथातील शैलीचा तपशील नसून त्यातील वादाचा विषय आहे. 'माझ्या हातून घडले' असे म्हणणारे भाषांतर, मराठीच्या दृष्टीने निर्दोष असूनही, ज्या मतातून बाहेर पडण्यासाठी लेखकाने एवढी धडपड केली त्या मताच्या जवळ त्याला पुन्हा नेऊन बसविते.

तीन भाषांची व्याकरणे शेजारी ठेवली म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होईल. लॅटिनमध्ये कर्त्याचा पुरुष क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो. 'एगो' हे सर्वनाम वेगळे उच्चारण्याची गरज नसते. ते उच्चारले की त्यावर भर येतो. इंग्रजीत कर्ता सांगितल्यावाचून साधे विधान पूर्ण होत नाही. त्यामुळे इंग्रजी भाषांतरात 'आय' प्रत्येक वाक्यात येतो, आणि प्रत्येक वाक्यात येत असल्यामुळेच तो ऐकू येईनासा होतो. मूळ ग्रंथातील भर दिलेला 'एगो' आणि केवळ प्रत्ययातला 'मी' यांतील अंतर तेथे बुजते. आधुनिक भाषांतराच्या ओघवत्या गद्यात ही हानी सहसा ध्यानातही येत नाही.

मराठीची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'मी चोरी केली' आणि 'त्याने चोरी केली' या दोन वाक्यांत 'केली' हे रूप एकच आहे. करणारा कोण याची खूण त्यात नाही. 'मी' गाळला तर कर्ता समूळ नाहीसा होतो. याउलट द्वितीय पुरुषी एकवचनात कर्मणीतही कर्त्याची खूण टिकते: 'तू केलीस', 'तू दिलेस', 'तू वळविलेस'. मराठी वैयाकरणांनी ज्यांना संकर प्रयोग म्हटले त्यांत ही रूपे मोडतात. म्हणजे भूतकाळी सकर्मक वाक्यात मराठी क्रियापद 'तू'ची नोंद ठेवते आणि 'मी'ची ठेवीत नाही. देवाला उद्देशून केलेल्या निवेदनात ही विषमता अर्थपूर्ण ठरते: देवाची कृती क्रियापदातच उमटते, निवेदकाला मात्र आपले कर्तृत्व मुद्दाम उच्चारून दाखवावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. 'माझ्या हातून घडले' ही केवळ पळवाट आहे असे म्हणणे मराठी भक्तिपरंपरेवर अन्याय करणारे होईल. आपण कर्ते आहोत असे मानणे हाच अहंकार, असा गीतेचा विचार आहे, आणि संतवाणीने तो लोकांच्या बोलण्यात मुरविला. बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांचे अभंगबद्ध आत्मनिवेदन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंनी बालपणी झालेला विवाह, कोल्हापुरातील कीर्तनश्रवण, वासराचा मृत्यू, पतीने केलेली मारहाण आणि तुकोबांचा स्वप्नातील उपदेश यांची हकीगत सांगितली. अखेरीस पुत्राजवळ आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांचे कथनही केले. जस्टिन ॲबट यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १९२९ साली प्रसिद्ध झाले. या निवेदनात आजचे दुःख हा आधीच्या कर्माचा भोग असतो. 'घडले' या क्रियापदामागे जन्मांची एक लांब साखळी उभी असते आणि त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा तोच जीव असतो. येथे 'घडले' म्हणणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. आपल्या 'मी'ला आवर घालणे होय.

यावरून दोन परंपरांतील नम्रतेचे व्याकरण परस्परविरुद्ध आहे असे दिसते. भक्तिपरंपरेत 'मी केले' म्हणण्यात अभिमान आहे आणि 'घडले' म्हणण्यात नम्रता. ऑगस्टीनच्या अनुभवात 'ते मी केले नाही' म्हणण्यात अभिमान होता आणि 'मीच केले' म्हणण्यात नम्रता आली. वळण साधणारे भाषांतर या दोन नम्रतांना एक करून टाकते, आणि वाचकाला ऑगस्टीन आपल्या संतांसारखाच बोलतो असा सुखद भास होतो. हे साम्य संपूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. आठव्या भागात ऑगस्टीन स्वतः पौलाच्या विचाराचा आधार घेऊन आपल्यात वसणाऱ्या पापाची भाषा बोलतो आणि आदामाच्या वंशाकडे बोट दाखवितो. वासनेतून सवय आणि सवयीतून अपरिहार्यता अशी साखळीही तो वर्णितो. परंतु त्या साखळीची पहिली कडी तो मानवी इच्छेच्याच हाती ठेवतो. त्या कडीपाशी 'घडले' हे क्रियापद चालत नाही.

चांगल्या कृत्यांच्या बाबतीत मात्र त्याचे वाक्य उलटे वळते. परिवर्तन आपण घडवून आणले असे तो म्हणत नाही. देवाने आपल्याला आपल्याकडे वळविले असे म्हणतो. दहाव्या भागात, आज्ञा देणाऱ्याने ती पाळण्याचे सामर्थ्यही द्यावे, अशा आशयाची त्याची प्रार्थना आहे. ती ऐकून पेलागियस संतापला, असे ऑगस्टीनने पुढे लिहून ठेवले आहे. मराठीत 'कर्ता करविता' हे जोडपद एकाच परमेश्वराकडे सोपविण्याची रीत आहे. ऑगस्टीनच्या ग्रंथात हे पद दुभंगते: पापाचा कर्ता मनुष्य, पुण्याचा करविता देव. या दुभंगण्यावरच ग्रंथातील प्रार्थनेचा सारा ताण उभा आहे.

मग मराठीने काय करावे? साधने मराठीजवळच आहेत. 'च' हे अव्यय त्यांतील पहिले. जेथे मूळात 'एगो'वर भर आहे तेथे 'मीच', आणि जेथे नाही तेथे केवळ 'मी', एवढा भेद पाळला तरी इंग्रजीत बुजलेले अंतर मराठीत परत मिळते. दुसरे साधन बोलीत आहे. जुन्या मराठीत कर्त्याचे 'म्यां' असे तृतीयेचे स्वतंत्र रूप होते. प्रमाण भाषेने ते टाकले. परंतु मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत 'म्या केलं' हे बोलणे जुन्या माणसांच्या तोंडी टिकून आहे. केज येथील विद्यार्थ्याला त्यासाठी ग्रंथालयात जावयास नको. ज्या परिसरात अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत, तेथील घरगुती बोली त्याला पुरेशी आहे. भाषांतर बोलीत करावे असा याचा अर्थ नाही. इंग्रजी वाक्य मनात मराठी करताना 'मी'च्या जागी 'म्या' उच्चारून पाहिल्यास कर्ता वाक्यात कोठे उभा आहे हे तत्काळ समजते.

तिसरे साधन वाक्प्रचाराचे. 'पदरी पडणे' आणि 'पदरी घेणे' यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात पदर असलेला मनुष्य निष्क्रिय आहे, दुसऱ्यात तो हात पुढे करतो. मराठी बायबलाच्या परंपरेत पापकबुलीसाठी 'पदरी घेणे' हा प्रयोग आला, ही निवड विचार करण्याजोगी आहे. मराठीच्या वळणाला न सोडता कर्त्याला आडोशाबाहेर आणता येते, याचे ते उत्तम उदाहरण होय. अर्थात ग्रंथाच्या नावासाठी तो पुरेसा नाही. 'कॉन्फितेरी' या लॅटिन क्रियापदात पापाची कबुली आणि देवाचे स्तवन असे दोन्ही अर्थ स्तोत्रांच्या भाषांतरांतून आले आहेत. 'आत्मनिवेदन' हा शब्द त्या व्यापकतेच्या जवळ जातो. परंतु नवविधा भक्तीतील नववी पायरी म्हणून त्यात स्वतःला वाहून टाकण्याचा अर्थ आहे, आणि ऑगस्टीनच्या क्रमात वाहून टाकण्यापूर्वी 'ते मीच केले' हे सांगून झालेले असावे लागते.

म्हणून आधुनिक इंग्रजी भाषांतर हाती घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने किमान दुसरा, पाचवा आणि आठवा हे भाग वाचताना प्रत्येक कबुलीच्या वाक्यापाशी थांबावे, त्याची 'केले' आणि 'घडले' अशी दोन मराठी रूपे करून पाहावीत आणि कोणते रूप लेखकाचे व कोणते आपल्या सवयीचे याचा निर्णय करावा. पहिल्या काही पानांत हा निर्णय कठीण वाटेल. नासपतीच्या झाडापाशी येईपर्यंत कान तयार होतो.