हिंगोलीचे जुने रस्ते : गॅझेटियर व गांवदप्तर

हिंगोलीच्या रस्त्यांचा इतिहास लिहूं पाहणारा प्रथम इ. स. १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियरचा हैदराबाद खंड हातीं घेतो. ग्रंथ नेटका आहे; परंतु तो रस्ते मैलांनीं मोजतो. हिंगोली १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी असल्यानें लष्करी वाटांकडे लक्ष वेधलें जाणें स्वाभाविकच होय. रस्ता कोणाच्या जमिनीवरून गेला, हें मात्र त्यावरून कळत नाहीं.

निजामी अमलांत मुलूख दिवाणी, सर्फ-ए-खास व जहागीर असा वांटलेला होता. शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड घेत. त्यांतील कांहीं भाग रस्त्यांकडे जाई. म्हणून एकाच वाटेचा माग हद्दीगणिक निराळ्या दप्तरांत शोधावा लागतो.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें सार्वजनिक रस्ते व वाटा सरकारच्या मालकीच्या ठरविल्या आहेत. पण गायरानांतील बुजलेली गाडीवाट सार्वजनिक होती, हें दाखवावयास कागदच लागतो. गांवनकाशा, सेतवार व १९५४-५५ चें खासरापत्रक हे ते कागद. हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. तेव्हां शोधकानें परभणीचें दप्तरही चाळावें. संग्राहक सनदा जिवापाड जपतात. फाटका गांवनकाशा रद्दींत जातो. सनद एका घराण्याचा हक्क सांगते, नकाशा साऱ्या गांवाचा. त्याची जपणूक आधीं व्हावी.