‘बाळाची शुगर कमी’ : एका शब्दप्रयोगाची परीक्षा

पुणे–नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील बोलण्यात, अन्यत्रच्या मराठीप्रमाणेच, ‘शुगर’ हा शब्द आता पुरता रुळला आहे. मात्र त्याचा रूढ अर्थ रक्तशर्करा नसून मधुमेह हा आहे. ‘सासऱ्यांना शुगर आहे’ हे वाक्य कोणासही उलगडून सांगावे लागत नाही. अशा घरातील सुनेस प्रसूतीनंतर ‘बाळाची शुगर कमी आहे’ असे सांगितले, तर घरच्यांनी त्यातून काय समजावे? हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाभ्यासाचाही आहे.

‘जन्मतः साखर कमी झाल्यास बाळाची बुद्धी मंदावते’ अशा धाटणीचे विधान आरोग्यविषयक मराठी उपदेशात वारंवार भेटते. त्यात दोन दोष संभवतात.

पहिला दोष नामाचा. ‘साखर’ म्हणताच डोळ्यांपुढे डबा उभा राहतो आणि उपायही त्या डब्यातूनच सुचतो. मध चाटविण्याच्या जुन्या रूढीस या शब्दाने अनायासे आधार मिळतो. वस्तुतः नाळ कापताच मातेकडून येणारे ग्लुकोज थांबते. निरोगी अर्भकाची पातळी पहिल्या एकदोन तासांत उतरते व पुढे आपोआप सावरते. धोका अधिक असतो तो अपुऱ्या दिवसांच्या, अल्पवजनी व मधुमेही मातांच्या बाळांना. त्यांना तासाभराच्या आत चीक पाजणे, पातळी तपासणे आणि ती न सावरल्यास वैद्यकीय देखरेखीखाली ग्लुकोज देणे, हा मार्ग होय. मध वर्षाच्या आतील मुलास घातक ठरू शकतो. म्हणजे शब्दाची चूक येथे घासाची चूक होते.

दुसरा दोष क्रियापदाचा. ‘मंदावते’ हे रूप अपवादास जागा ठेवीत नाही. दीर्घकाळ टिकलेल्या तीव्र न्यूनतेने मेंदूस इजा होते, हे निर्विवाद आहे. लुकस व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये इंग्लंडमधील ६६१ अपुऱ्या दिवसांच्या बालकांत, अनेक दिवस पातळी उतरलेल्यांचा विकास मागे पडल्याचे नोंदविले. मात्र न्यूझीलंडमधील उपचारित बालकांच्या पाहणीत दुसऱ्या वर्षी फरक आढळला नाही (२०१५). साडेचाराव्या वर्षी नियोजनादी क्षमतांत आढळला (२०१७). नऊदहाव्या वर्षी शालेय प्रगतीत लक्षणीय फरक दिसला नाही (२०२२). या तीन उत्तरांचा मेळ एका ‘मंदावते’त बसत नाही.

पुण्याचा दाखलाही बोलका आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या अभ्यासकांनी १९८७–८९ मधील २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. तो विषय वजनाचा, शर्करेचा नव्हे. तथापि बाराव्या वर्षी त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक तुलनागटाहून कमी असूनही सामान्य मर्यादेत होता. जन्मवेळची जोखीम म्हणजे ललाटलेख नव्हे, हा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

निरपवाद क्रियापद आईच्या पदरी अपराधभाव टाकते. संदिग्ध नाम घरच्यांच्या हाती मधाचे बोट देते. त्यापेक्षा ‘बाळाच्या रक्तातील ग्लुकोज उतरले आहे, आता चीक पाजा, थोड्या वेळाने पुन्हा तपासू’ हे वाक्य अधिक शास्त्रीय आहे, आणि अधिक मराठीही. परिभाषेची कसोटी कोशात नव्हे, बाळंतिणीच्या खाटेपाशी लागते.