कशिद्याची उलट बाजू : कसुतीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

कोल्हापूर परिसरातील स्त्रियांच्या पारंपरिक वेशात इरकली लुगडे आणि खणाची चोळी यांना मानाचे स्थान आहे. इळकल व गुळेदगुड्ड ही या वस्त्रांची मूळ विणकामकेंद्रे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. धारवाड परिसरातील कसुती हा कशिदा प्रामुख्याने याच वस्त्रांवर भरला गेला. त्याचे विवेचन मात्र बहुधा गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती, मोर या आकृतींच्या यादीपाशी थांबते. कलावस्तूचे परीक्षण म्हणून ही पद्धत अपुरी आहे.

कसुतीत कापडावर आधी नक्षी उमटवून घेत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजून टाका घालतात. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे 4 टाके. गवंतीत सुई जाताना धावदोरा घालते आणि परतताना सुटलेल्या जागा भरते; त्यामुळे आकृती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मुरगीत हीच रीत पायऱ्यांसारखी चढत जाते. नेगी विणकामाचा भास निर्माण करते, तर मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेली मेंथी हा फुलीचा टाका होय. दोऱ्याला गाठ मारायची नाही, हा दंडक. मोजणी चुकली की परतीची वाट जुळत नाही. म्हणजेच संपूर्ण आराखडा भरणारीच्या मनात असतो. मोर हे त्या गणिताचे फलित होय.

या संदर्भात युक्रेनमधील 'विशिवान्का' या भरतकाम केलेल्या अंगरख्याशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही धागे मोजूनच भरण्याची परंपरा आहे. 'निझिन्का' हा प्रकार तर कापडाच्या उलट बाजूने भरला जातो. पोल्तावा प्रांतातील रेशेतिलिव्का येथे पांढऱ्यावर पांढरे भरतात. रंगाचा आधार नसल्याने पाहणाऱ्याला टाक्याकडेच वळावे लागते. 2006 पासून तेथे या वेशाचा दिवस साजरा होतो व तो राष्ट्रीय अस्मितेचे चिन्ह बनला आहे. परंतु चिन्ह दुरूनच ओळखले जाते. त्यासाठी यंत्रावर भरलेले वस्त्रही पुरते.

कसुतीपुढेही हाच धोका आहे. तिला भौगोलिक निर्देशांक लाभला आहे. तथापि नावाला मिळालेले संरक्षण हे कौशल्याचे जतन नव्हे. यंत्र मोराची नक्कल सहज करते, मात्र त्याच्या उलट बाजूस बॉबिनचा दोरा दिसतो. म्हणून गवंतीची उलट बाजू हा मूल्यमापनाचा निकष मानला पाहिजे.

डॉ. सरोजिनी बाबर यांच्या कार्यामुळे मराठी स्त्रीच्या ओवीला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळाली. सुईच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही. ओवी निदान ऐकून टिपता येते. टाका मात्र भरणारीच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो. सीमाभागातील महाविद्यालयांनी आकृतींच्या छायाचित्रांबरोबर टाक्यांचा क्रमही भरणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह नोंदविला नाही, तर कसुतीचे चित्र तेवढे उरेल. विद्या उरणार नाही.