आधी आकाश बघा

फोनचं जीपीएस हळू चालतंय किंवा चालतच नाही, अशी तक्रार घेऊन कोणी मदत शोधायला गेलं की त्याच्या हाती एक यादी पडते. लोकेशन बंद करून पुन्हा चालू करा. एअरप्लेन मोड लावा, काढा. फोन रीस्टार्ट करा. बॅटरी सेव्हर बंद करा. फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढा (देवनागरी आठ चालत नाही). ॲपची कॅश साफ करा. एवढ्यानेही जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट. शब्द थोडेफार बदलतात, क्रम बदलतो, यादी तीच राहते. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ती पाठ असते, कारण आपण ती दोन्हीकडे वापरतो: स्वतःच्या फोनसाठी, आणि तिकडून आई-बाबांचा फोन आला की त्यांना एकेक ओळ सांगण्यासाठी.

लाखो लोक वाचतात आणि वाचून लगेच त्याप्रमाणे वागतात, असं लेखन आजकाल फार उरलेलं नाही. ही यादी तसं लेखन आहे. म्हणून तिच्याकडे एक मजकूर म्हणून बघायला हरकत नसावी, आणि तसं बघितलं की तिच्यातली मोठी उणीव लगेच दिसते. यादी फोनला दहा प्रश्न विचारते, पण फोन हातात घेतलेल्या माणसाला ‘तुम्ही उभे कुठे आहात?’ हे विचारत नाही.

उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की तो फोनच्या स्वतःच्या सर्किटमधल्या गोंगाटाखाली दबलेला असतो, आणि तिथून तो उकरून काढावा लागतो. जागा ठरवायला असे किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. शिवाय प्रत्येक उपग्रह ‘मी नेमका कुठे आहे’ ही माहिती सेकंदाला ५० बिट या संथ गतीने सांगतो. ती पुन्हा पुन्हा, दर ३० सेकंदांनी येते. मध्ये पूल आला, झाड आलं, तुम्ही दोन पावलं आत सरकलात, की तुटलेल्या भागासाठी पुढच्या फेरीची वाट बघायची. एरवी हे आपल्या लक्षात येत नाही, कारण फोन हीच माहिती इंटरनेटवरून आयती मिळवतो आणि काही सेकंदांत जागा सांगतो. रोमिंग बंद असलेला फोन घेऊन परक्या विमानतळाबाहेर उभं राहिलं की मात्र तो मूळ संथपणा उघडा पडतो. तेव्हा फोनला काहीही झालेलं नसतं. मोकळ्या जागी यायचं आणि एखाददोन मिनिटं थांबायचं, एवढाच उपाय असतो. ‘थांबा’ हा शब्द मात्र मला या याद्यांमध्ये फारसा भेटत नाही. थांबणं हा उपाय आहे असं लिहिलं तर लेख दोन ओळींत संपेल, ही अडचण असावी.

थंड देशांतल्या घरांचा तर यादीला पत्ताच नसतो. इकडच्या खिडक्यांच्या दुहेरी काचांवर उष्णता आत राखण्यासाठी बहुधा धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. प्रकाश त्यातून येतो, उपग्रहाचा संदेश बऱ्याच अंशी अडतो. खिडकीशी फोन धरून ‘आकाश तर दिसतंय’ म्हणणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं. आणि उंच इमारतींच्या गल्लीत संदेश अडण्यापेक्षा वाईट गोष्ट घडते: तो समोरच्या भिंतीवर आपटून येतो. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशाला दशलक्षांश सेकंद उशीर झाला तर हिशेबात ३०० मीटरची चूक होते. त्याच्या दहाव्या हिश्शाचा उशीर झाला तरी आपण शेजारच्या रस्त्यावर जाऊन उभे राहतो. शिकागोत ज्यांनी लोअर वॅकर ड्राइव्हवरून, म्हणजे रस्त्याखालच्या रस्त्यावरून, गाडी चालवली आहे, त्यांनी नकाशातली आपली गाडी नदीत पोहताना पाहिली असेल. तिथे शेवटी ब्लूटूथचे छोटे बीकन बसवावे लागले. दोष रस्त्यात होता, म्हणून इलाज रस्त्यावर झाला.

यादीतलं सगळंच टाकाऊ आहे असं नाही. बॅटरी सेव्हरचा सल्ला खरा आहे, तो लावला की काही फोन लोकेशनचं कामच आखडतं घेतात. त्याहून उपयोगी सल्ला मला अनेकदा तळाशी सापडतो: ॲपला ‘अचूक लोकेशन’ वापरायची परवानगी आहे का, ते बघा. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून ही परवानगी वेगळी देता येते. ती नाकारली असेल तर ॲपला फक्त अंदाजे परिसर कळतो, मग फोन कितीही वेळा रीस्टार्ट करा. याउलट आठचा आकडा. तो फोनमधल्या होकायंत्रासाठी असतो. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते त्याने सुधारतं, आपण कुठे आहोत ते नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि यादी त्यांची सरमिसळ करते. वाय-फायचंही तसंच. ‘वाय-फाय चालू ठेवा’ हा इमारतीच्या आत चांगला सल्ला आहे, कारण आसपासच्या राउटरांच्या नोंदींवरूनही फोन जागा ओळखतो. पण नोकरीसाठी राउटरसकट शहर बदललेल्या माणसाला तोच वाय-फाय काही दिवस जुन्या शहरात नेऊन ठेवतो. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आम्हा पोस्टडॉक मंडळींना हा अनुभव नवा नाही.

अधिकृत मदतपानं तुलनेने बरी आहेत. इमारतीत आणि जमिनीखाली जीपीएस चुकू शकतं, हे गूगल लिहितं. पण त्याच कंपनीच्या नकाशावरचा निळा ठिपका हे विसरायला लावतो. ठिपका टोकदार, ठाम आणि जिवंत दिसतो. त्याच्याभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे खरं तर फोनची कबुली: मी या परिघात कुठेतरी आहे. अँड्रॉइडच्या तांत्रिक व्याख्येनुसार ती कबुलीही ६८ टक्क्यांपुरतीच आहे, म्हणजे साधारण तीनातल्या एका वेळी आपण वर्तुळाच्या बाहेर असतो. किती जणांना हे माहीत आहे? वर्तुळ मोठं झालं की आपण म्हणतो जीपीएस बिघडलं. माझ्या मते तेव्हा फोन सगळ्यात प्रामाणिक असतो. भीती वाटावी ती छोट्या वर्तुळातल्या चुकीच्या ठिपक्याची.

ही भीती पुस्तकी नाही. इस्रायलमधल्या वाचकांना ते सांगायची गरजही नाही. एप्रिल २०२४ मध्ये तेल अवीवमधले फोन आपण बैरुतमध्ये असल्याचं दाखवत होते. शत्रूची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन चकवण्यासाठी लष्कराने जीपीएसमध्ये मुद्दाम अडथळा आणला होता, आणि तसं जाहीरही केलं होतं. धोक्याचा इशारा देणारं ॲप फोनच्या जागेवर अवलंबून असल्याने नागरिकांना आपलं ठिकाण त्यात हाताने भरून ठेवायला सांगण्यात आलं. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीत शेकडो जहाजांच्या जागा अशाच भलतीकडे दिसू लागल्या, आणि त्याच पाण्याच्या काठावर दुबई-अबुधाबीतले आपले लोक राहतात. अशा दिवशी आपली यादी उघडून बघा. लोकेशन बंद-चालू करा. रीस्टार्ट करा. आठ काढा. फोन सगळं मुकाट्याने करतो आणि पुन्हा बैरुत दाखवतो, कारण आकाशातून जे आलं ते त्याने बरोबर वाचलेलं असतं. माणूस मग यादीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो आणि फोन पुसून टाकतो. बॅकअप नसेल तर फोटो गेले, नंबर गेले, इशारा देणारं ॲपही गेलं, आणि हे सगळं ज्या दिवशी त्या फोनची सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी.

म्हणून मला यादीतली फॅक्टरी रीसेटची ओळ नुसती निरुपयोगी वाटत नाही, बेजबाबदार वाटते. ‘शेजारच्याच्या फोनवर काय दिसतंय ते बघा’ ही ओळ तिच्या जागी टाकता आली असती. दोन फोन एकाच जागी एकच चूक करत असतील तर दोष तुमच्या फोनमध्ये असण्याची शक्यता फार कमी. त्याला पाच सेकंद लागतात आणि काहीही पुसलं जात नाही.

याद्या मराठीत आणणाऱ्यांनी तर आणखी एक संधी घालवली. मराठी फोनमध्ये लोकेशनला ‘स्थान’ म्हणतात. ‘तुमचं स्थान काय?’ असं आपल्याकडे सत्कार समारंभाआधी आसनव्यवस्था बघणाराच विचारेल. एरवी आपण ‘कुठे आहेस?’ म्हणतो, आणि उत्तरात आकाश, भिंत, पूल, देऊळ, दुकान सगळं येतं: ‘पुलाखाली आहे’, ‘बेसमेंटमध्ये आहे’, ‘मॉलच्या आत, सरकत्या जिन्यापाशी’. बिघाड शोधायला लागणारी निम्मी माहिती त्या उत्तरात असते. उन्हाळ्यात इकडे येणाऱ्या आई-वडिलांना आपण फोन देतो, सिमकार्ड देतो, लाइव्ह लोकेशन कसं पाठवायचं ते शिकवतो. त्यासोबत घराचा पत्ता आणि जवळच्या चौकातल्या दोन्ही रस्त्यांची नावं एका कागदावर मराठी अक्षरांत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवावीत. आणि ठिपका भरकटला तर सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी इमारतीपासून लांब, मोकळ्यावर येऊन दोन मिनिटं उभं राहायला सांगावं.