जगात दोनच छाप

रेम्ब्रांचं १६२९ सालचं एक एचिंग आहे. स्वतःचंच व्यक्तिचित्र: डोकं उघडं, केस विस्कटलेले. त्याचे दोनच छाप आज माहीत आहेत, एक अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, दुसरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. लायडनच्या या गिरणीवाल्याच्या मुलाने तेव्हा विशी नुकती ओलांडली होती. नवी मुंबईत बसून आपल्याला ते पडद्यावरच पाहायचं. पण मोठं करत गेलं की एकेक ओरखडा वेगळा होतो.

आणि पाहायचे ते ओरखडेच. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो खरवडत चित्र काढायचं, मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. तांबं जिथे उघडं पडलं तिथे अ‍ॅसिड ते खातं, खाचेत शाई बसते. रेम्ब्रांने मात्र पत्र्यावर सुई चालवली नाही, बोरूने कागदावर झपाझप लिहावं तशा जाड रेघा ओढल्या. काही ठिकाणी दोन समांतर रेघा जोडीनेच धावतात. टोक दुभंगलेलं काहीतरी त्याच्या हातात असावं. नीटस छपाईची सवय असलेल्या डोळ्याला हे चित्र रांगडं वाटेल. मला त्याच्या नंतरच्या सगळ्या रेघांचं मूळ इथे दिसतं.

सही पाहा. नावाची आद्याक्षरं आणि साल, दोन्ही उलटी उमटली आहेत. पत्र्यावर सुलट लिहिलं की कागदावर उलट येणारच. चेहऱ्याचं याच्या नेमकं विरुद्ध होतं: आरसा डावं-उजवं फिरवतो, छपाई ते पुन्हा फिरवते. आरशातला चेहरा जसाच्या तसा पत्र्यावर उतरवला, की कागदावर येतो तो लायडनच्या रस्त्यात लोकांना दिसणारा माणूस.

त्याचे कितीतरी पत्रे त्याच्यामागे टिकले. अठराव्या शतकात पॅरिसच्या बासाँ या प्रकाशकाने त्यांतल्या अनेकांवरून नव्याने छपाई केली, म्हणून त्या चित्रांचे उशिराचे छाप आजही लिलावात येतात. हा पत्रा त्यांत नव्हता. माझ्या मते तो विक्रीसाठी केलेलाच नसावा. हात बसवण्यासाठी केलेल्या कामाचे चार छाप काढून बघायचे, एवढंच त्याला हवं असेल. दुर्मीळता इथे अशी आली आहे, प्रती मोजून ठेवल्यामुळे नव्हे.

पुढच्याच वर्षी, १६३० मध्ये, त्याने आरशासमोर तोंडं करून पाहिली: हसणारं, कपाळाला आठ्या घातलेलं, ओरडणारं. डोळे विस्फारलेला, टोपीतला चेहरा तर जेमतेम ५ सेंटीमीटर उंच आहे. भुवया चढलेल्या, ओठ गोल, श्वास आत ओढलेला. एवढ्याशा जागेत दचकणं मावतं यावर विश्वास बसत नाही. त्याच साली त्याने रस्त्याकडेला बसलेला, हात पसरलेला भिकारी कोरला. फाटके कपडे, उघडं तोंड, आणि चेहरा स्वतःचा.