नाममुद्रा आणि परवलीचा शब्द : सामायिक संहिता-संपादनातील एक प्रश्न

संतवाङ्मयाच्या पाठचिकित्सेत नाममुद्रेचा प्रश्न जुना आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी मुद्रा कर्तृत्व सांगते. परंतु ती कोणालाही घालता येते, ही तिची उणीव होय. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या, त्या मुख्यतः या मुद्रासाम्यामुळे. शके 1506 मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला, तोही अनेक हातांनी त्यात फेरफार झाल्यामुळेच.

हाच प्रश्न आज संगणकावर नव्या रूपाने उभा राहतो. तेरच्या गोरोबाकाकांच्या अभंगांची संहिता सामायिक सर्व्हरवर ठेवली, आणि तेर, धाराशिव व छत्रपती संभाजीनगर येथील अभ्यासक आपापल्या जागी बसून तीत दुरुस्ती करू लागले, तर अमुक पाठभेद अमक्यानेच नोंदविला हे कशावरून मानावे?

दूरस्थ फाइल-संपादनासाठी 1999 मध्ये वेबडॅव ही नियमावली सिद्ध झाली. तिच्यासंदर्भात दोन पद्धती विशेष परिचित आहेत. 'बेसिक' पद्धतीत नाव व परवलीचा शब्द केवळ लिप्यंतर करावे तसे रूप पालटून धाडले जातात. वाटेत ते कोणासही पूर्ववत् वाचता येतात. 'डायजेस्ट' पद्धतीत सर्व्हर एक नवी संख्या देतो आणि तिच्याशी संयोग करून काढलेला सारांशच परत जातो. मूळ शब्द प्रवास करीत नाही.

यावरून डायजेस्ट श्रेष्ठ, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो मात्र सदोष आहे. सर्व्हरवर साठविलेला सारांश चोरीस गेला, तर तोच परवलीच्या शब्दाचे काम करतो. शिवाय संहिता स्वतः उघडीच राहते. उलट, टीएलएसची कूटबद्ध वाहिनी असल्यास शब्द आणि संहिता या दोहोंचेही वाटेत रक्षण होते. 2007 च्या सुधारित नियमावलीने सुरक्षित वाहिनीविना बेसिक पद्धती निषिद्ध मानली, ती याच कारणाने.

तथापि गोपनीयता हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. साऱ्या विभागाने एकच परवलीचा शब्द वापरला, तर वाहिनी कितीही सुरक्षित असो, प्रत्येक दुरुस्तीवर एकच नाव उमटते. म्हणजे विष्णुदास नाम्याचा घोटाळा पुन्हा ओढवून घेतला जातो. म्हणून प्रत्येक अभ्यासकाचे स्वतंत्र खाते, मुख्य खात्यास दुहेरी पडताळणी, आणि प्रत्येक यंत्रासाठी निराळा, केव्हाही रद्द करता येणारा परवलीचा शब्द ही योजना अधिक ग्राह्य ठरते. नेक्स्टक्लाउडसारख्या प्रणालींत तशी सोय आहे. एखाद्याचे यंत्र हरवल्यास तेवढाच शब्द रद्द होतो. इतरांचे काम अडत नाही.

अर्थात या योजनेची मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. गोरोबांनी थापटण्याने संतांची परीक्षा घेतली व नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी आख्यायिका आहे. ती परीक्षा आतील पक्वतेची होती. सर्व्हर केवळ दारात कोण उभा आहे एवढेच पारखतो. त्याने आणलेला पाठ पक्का की कच्चा, हे ठरविण्याचे थापटणे संपादकाच्याच हाती राहते.