पायथॉन प्रकल्पाचे दोन निर्णयलेख

पायथॉन या संगणकभाषेच्या घडणीसंबंधीचे महत्त्वाचे निर्णय क्रमांकित सुधारणा-प्रस्तावांच्या रूपाने लिहून ठेवण्याची प्रथा त्या प्रकल्पात रूढ आहे. त्यांपैकी ३७४ व ५१२ या क्रमांकांचे प्रस्ताव भाषेविषयी नसून, भाषेची मूळ संहिता कशी व कोठे सांभाळावी याविषयी आहेत. दोहोंच्या लेखनात ब्रेट कॅनन यांचा प्रमुख हात आहे, आणि दुसऱ्याने पहिल्याचा निकाल सातच वर्षांत फिरविला आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले म्हणजे निवडीत कोणाची सोय प्रमाण मानली गेली, हे स्पष्ट होते.

पहिल्या प्रस्तावाच्या वेळी संहिता सबव्हर्जन या केंद्रीय साधनात होती. फेरफार नोंदविण्याचा अधिकार मोजक्या प्रमुख विकासकांस. बाहेरच्या मनुष्यास आपल्या दुरुस्तीचे टप्पे नोंदवून ठेवण्याची सोय नाही. विकेंद्रित साधनात प्रत्येकापाशी समग्र इतिहासाची प्रत असते. (प्रत्येक प्रत आपली वंशावळ बरोबर घेऊनच जन्मते, याचा पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हेवाच वाटावा.) बाहेरच्यांची ही अडचण दूर करणे, हा प्रस्तावाचा घोषित हेतू होता.

निर्णयाच्या वेळी मात्र हा हेतू मागे पडलेला दिसतो. मार्च २००९ मध्ये गिट वगळले गेले ते तीन कारणांनी : विंडोजवरील त्याची दुर्बलता, प्रमुख विकासकांची नापसंती, आणि सर्व काही समान असल्यास पायथॉनमध्ये लिहिलेले साधन बरे, हा विचार. पहिले कारण त्या काळी सबळ होते. दुसऱ्याचा आधार असलेल्या मतचाचणीत मात्र गिटला सबव्हर्जनहून सरस म्हणणारे ५, तुल्य म्हणणारा १, कनिष्ठ म्हणणारे ८ आणि माहिती नसलेले १३ होते. मर्क्युरियलला सरस म्हणणारे १५ होते खरे; पण ज्या साधनाविषयी जवळजवळ निम्मे मतदार आपले अज्ञान कबूल करतात, त्याच्याविषयीची नापसंती कितपत विचारपूर्वक मानावी? शिवाय ही चाचणी प्रमुख विकासकांचीच होती. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आरंभला, त्यांना तीत मतच नव्हते. बझारहून मर्क्युरियल श्रेष्ठ ठरले तेही लोकप्रियतेवर.

५१२ वा प्रस्ताव या बाबतीत अधिक प्रांजळ आहे. बाहेरून आलेली एक दुरुस्ती स्वीकारण्यास किती हस्तव्यवहार करावे लागतात, याची पायरीवार नोंदच तो देतो. सुट्टीत समुद्रकिनारी बसलेल्या विकासकासही हातातील टॅब्लेटवरून परीक्षण करता यावे, हे त्याचे ध्येय. निक कॉगलन यांनी ४७४ व्या प्रस्तावात प्रकल्पाच्या स्वतःच्या आवारात मुक्त साधनांवर चालणारी व्यवस्था सुचविली होती. ती मागे पडली. १ जानेवारी २०१६ च्या निर्णयात गिटहबची निवड झाली, तिच्या मुळाशी बहुतेकांचा त्याच्याशी असलेला परिचय आणि खुद्द ग्विडो व्हान रॉसम यांची पसंती ही कारणे होती. १० फेब्रुवारी २०१७ रोजी स्थलांतर झाले. म्हणजे लोकप्रियता पुन्हा निर्णायक ठरली. फरक इतकाच की या वेळी बाहेरच्यांचा परिचयही हिशेबात धरला गेला.

या लेखातील सर्वांत मोलाचे विधान मात्र कामांच्या यादीत दडलेले आहे. संहितेच्या प्रती असंख्यांपाशी असल्याने तिची चिंता नाही. परंतु परीक्षणाच्या चर्चेची तशी प्रत कोणापाशीही नसते, म्हणून ती रोज उतरवून ठेवावी, असे तेथे म्हटले आहे. साधन आणि निवासस्थान यांतील हा भेद निवडीच्या चर्चेत आरंभीच यावयास हवा होता. साधन बदलले तरी इतिहास बरोबर नेता येतो. सबव्हर्जनहून मर्क्युरियल व तेथून गिट असा प्रवास त्याच इतिहासाने केला. एखादा फेरफार का स्वीकारला वा नाकारला, हे सांगणारा संवाद मात्र यजमानाच्या घरी राहतो. यजमानाचे धोरण बदलू शकते, हे बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलचा आश्रय काढून घेतला तेव्हा दिसलेच. पायथॉनची दोषनोंद २०१७ नंतरही प्रकल्पाच्याच व्यवस्थेत राहिली होती. २०२२ मध्ये तीही गिटहबवर गेली.